चालीवरून शोधलेला माणूस

शाळेत मी ग्राफिक डिझाइन आणि अ‍ॅनिमेशन शिकवते असं सांगितलं की आमच्या नात्यातली माणसं आधी "म्हणजे कॉम्प्युटर" म्हणायची आणि थोड्या वेळाने "म्हणजे कार्टून". दोन्हीला मी मान हलवायची. खरं समजावून सांगायला गेलं की समोरचा माणूस चहाच्या कपात बघायला लागतो, हा माझा अनुभव.

फरीदाबादच्या एका खाजगी शाळेत मी आधी चित्रकला शिकवत होते. एक दिवस प्रिन्सिपलनी बोलावून सांगितलं, "मैडम, ड्रॉइंग अब कोई लेता नहीं. आप ये नया सब्जेक्ट देख लीजिए." सुट्टीनंतर वर्गातले इझल गेले, कॉम्प्युटर आले. तेव्हा आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. त्या सुट्टीत मी कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलाकडून सॉफ्टवेअर शिकले आणि त्याच्याकडून भरपूर बोलणीही खाल्ली. पण चित्र हलवायची कला सॉफ्टवेअरमध्ये नसते हे मला लवकरच कळलं, आणि मग माझी भीती गेली.

अ‍ॅनिमेशनमधली पहिली खरी परीक्षा म्हणजे माणूस चालवून दाखवणे. थोडी थोडी बदलत जाणारी चित्रं काढायची. शेवटचं चित्र पुन्हा पहिल्याला जाऊन मिळालं पाहिजे, म्हणजे माणूस चालतच राहतो. ऐकायला सोपं वाटतं. पण अकरावीचं प्रत्येक मूल पहिल्यांदा कात्री काढतं. दोन पाय उघडतात, मिटतात, वरचं धड पुतळ्यासारखं. म्हणून मी दरवर्षी वर्गाला सरोजिनी नगरच्या बाजारात घेऊन जायची. एका बाजूला कट्ट्यावर बसवून सांगायची, "चेहरे मत देखो. सिर्फ चाल देखो." भाव पटला नाही म्हणून निघालेली, पण हाक येईल या आशेने सावकाश चालणारी बाई. नवी सँडल घालून पाहणारी मुलगी. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेला नवरा. माणूस खांद्यातून चालतो, मानेतून चालतो, पाय सगळ्यांत शेवटी, हे मुलांना तिथे दिसायचं.

हे सगळं सांगितलं ते रूथसाठी.

रूथ गायकवाड अकरावीत माझ्याकडे आली. तिचे वडील केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला, आई नर्स, मूळ घर नगर जिल्ह्यातलं, मराठी ख्रिस्ती कुटुंब. वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. तिचं मराठी दिल्लीत वाढलेल्या मुलांचं असतं तसं, मधूनमधून हिंदीने ठिगळ लावलेलं. गप्प मुलगी. तिच्या शेजारी लक्ष्य नावाचा हरियाणवी मुलगा बसायचा. तो तिच्या वाटणीचंही बोलायचा.

पोस्टरचा धडा आला तेव्हा मी मुलांना म्हटलं, मेट्रोच्या खांबांवर 'गुमशुदा की तलाश' अशी पोस्टर चिकटवलेली असतात. ती कुणी वाचत नाही, कारण अक्षरं दाटीवाटीची, फोटो काळा, महत्त्वाची गोष्ट सगळ्यांत खाली. तुम्ही असं पोस्टर करा की धावतपळत जाणारा माणूस थांबेल. व्यक्ती काल्पनिक घ्या.

पुढच्या तासाला सगळ्यांची पोस्टर भिंतीवर लावली. कुणी हरवलेला क्रिकेटपटू केला होता, कुणी हरवलेला गणिताचा सर. रूथच्या पोस्टरवर एक म्हातारा होता, गळ्यात हार, डोक्यावर टोपी. खाली नाव, वय, उंची आणि फोन नंबर. मांडणी उत्तम होती. मी म्हटलं, "नंबर खोटा घाल हं, कुणाला तरी उगाच फोन जाईल."

ती म्हणाली, "खराच आहे मॅम. पप्पांचा आहे."

वर्गात कुणी तरी हसलं. लक्ष्य म्हणाला, "मैम, हँस क्यों रहे हैं ये लोग? इसके दादाजी सच में नहीं मिल रहे."

मी भिंतीसमोर उभी होते आणि हातात लाल पेन होतं. ते पेन कुठे ठेवावं हेसुद्धा मला सुचेना.

तास संपल्यावर ती थांबली. मराठीत बोलू लागली.

"अण्णा गुम झालेत. दोन हफ्ते झाले. पप्पांनी कम्प्लेंट केली, हॉस्पिटलं बघितली. सगळीकडे हाच फोटो लावलाय. पण अण्णा असे दिसतच नाहीत, मॅम. हा रिटायर झाले त्या दिवसाचा फोटो आहे."

"दुसरा नाही?"

"फोटो काढायला गेलं की ते तोंड फिरवतात."

आजी गेल्यावर वडिलांनी अण्णांना गावाहून आणलं होतं. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. एक दिवस सगळे बाहेर असताना ते घराबाहेर पडले आणि परत आले नाहीत. फोन घरातच होता. यापलीकडे रूथ काही बोलली नाही.

मी सहज म्हणून विचारलं, "गर्दीत लांबून तू त्यांना कशावरून ओळखशील?"

ती लगेच म्हणाली, "चालण्यावरून."

इतकी वर्षं मी हे शिकवत होते, पण ते कुणाच्या उपयोगी पडेल असं कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर आम्ही तिघं लॅबमध्ये बसू लागलो. लक्ष्य न बोलावता आला. त्याने आधी कॉम्प्युटरलाच कामाला लावलं. 'चालणारा म्हातारा भारतीय माणूस' असं टाइप केलं आणि क्षणात चित्र हलायला लागलं. वाकलेली पाठ, हातात काठी, थरथरणारा हात. रूथने बघितलं. "हे कुणाचेही दादाजी आहेत," म्हणाली, आणि पेन्सिल घेतली.

ती आठवणीतून काढत होती. पाठ ताठ. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. नजर सतत पुढच्या जमिनीवर. आणि पावलं अगदी मोजूनमापून सारखी. मी दोनदा पुसायला लावली. म्हटलं, "माणूस इतकं एकसारखं चालत नाही गं, हे यंत्र वाटतंय."

"अण्णा असेच चालतात. ते रेल्वेत कीमन होते."

कीमन म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. रूळ खालच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे स्लीपरना, जिथे धरलेले असतात तिथल्या चाव्या सैल झाल्या की ठोकून बसवायच्या, त्यासाठी ठरलेला पट्टा रोज पायी चालायचा, ऊन असो की थंडी. खांद्यावर हातोडा आणि पाना. पाऊल पडणार ते स्लीपरवरच. नाही तर खडीत पाय मुरगळतो. सगळी नोकरी त्यांनी अशी चालून काढली होती. निवृत्तीनंतर हातोडा गेला, पण खांदा तसाच राहिला. सोसायटीच्या गुळगुळीत फरशीवरही त्यांचं पाऊल न दिसणाऱ्या स्लीपरवर पडायचं.

मी पुसलेल्या रेषा रूथने पुन्हा काढल्या. चेहऱ्याला फक्त बाह्यरेषा ठेवली, मागे काही नाही. चित्रं जोडून पहिल्यांदा चालवून बघत होतो तेव्हा तिचे वडील तिला न्यायला आले. सॅम्युएल गायकवाड, चष्मा, ऑफिसची बॅग. ते दारातून "नमस्कार मॅडम" म्हणाले आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. काळ्या रेषांचा तो माणूस चालत होता. सॅम्युएल जवळची खुर्ची ओढून बसले.

"हे अण्णा आहेत," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. मग चष्मा काढून हातात धरून ठेवला. रेघोट्यांकडे बघून एका मोठ्या माणसाला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. लक्ष्य उठून पंखा लावायला गेला, तो आधीच चालू होता.

तो छोटासा तुकडा आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला. खाली सॅम्युएलचा नंबर आणि एवढंच: असे चालणारे आजोबा दिसले तर कळवा. मुलांनी सोसायट्यांच्या, रिक्षावाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या ग्रुपवर पाठवला. मग सॅम्युएलना फोन येऊ लागले. एकाने विचारलं, पुढचा भाग कधी येणार? एका बाईने सांगितलं, आमचा नातू दिवसभर घरात तसाच चालतोय, आता थांबवायचं कसं? एक माणूस तर म्हणाला की हे माझे सासरे आहेत आणि ते इथे समोर बसलेत.

मग एक फोन आला. फरीदाबादच्या पुढे पलवलच्या बाजूला एका लहान स्टेशनजवळ चहाची टपरी चालवणारी बाई बोलत होती. "भाईसाहब, शकल का तो पता ना. दाढ़ी है बाबा की. पर चाल यही है."

रूथची आई ड्यूटीवर होती. रूथ म्हणाली, "मॅम, तुम्ही चला ना." मी गाडीत बसले. वाटेत रूथ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

टपरीवाल्या बाईने हाताने दाखवलं. रुळांच्या कडेने पायवाट होती आणि तिच्यावरून पाठमोरा एक माणूस चालला होता. अंगात कुणीतरी दिलेलं नारिंगी जाकीट. चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता, तरी मी त्यांना ओळखलं. रूथच्या कागदावरून उठून कुणी चालायला लागावं तसं ते दिसलं.

"अण्णा," सॅम्युएलनी हाक मारली.

ते वळले. पांढरी दाढी वाढलेली होती. मुलाकडे पाहिलं आणि परत पुढे चालू लागले.

सॅम्युएल धावले. आम्ही मागे. "अण्णा, किती शोधलं तुम्हाला. कसे हरवलात?"

"हरवलो? कोण म्हणतं?" अण्णांचा आवाज खणखणीत होता. "मला ठाऊक आहे मी कुठं आहे. इथली रुळांवर काम करणारी गँग चांगली आहे. जेवू घालतात, खोलीत झोपू देतात. तू न्यायला आलास का कोंडायला?"

मला काही समजेना. मी विचारलं, "कोंडायला म्हणजे?"

अण्णांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "बाई, तुम्ही मास्तरीण दिसता. सांगा मग. रोज सगळे गेले की बाहेरून कुलूप. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. खिडकीतून खाली बघायचं तर माणसं मुंगीएवढी. मी काय गुन्हा केला होता?"

मी सॅम्युएलकडे बघितलं. इतक्या दिवसांत, इतक्या भेटींत, हे कुणी बोललं नव्हतं. ते खाली बघत म्हणाले, "मॅडम, त्यांनी दोनदा गॅस चालू ठेवला. एकदा खाली गेले आणि दुसऱ्या टॉवरमध्ये जाऊन दुसऱ्यांचं दार ठोकत बसले. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, एकटं सोडू नका. दिवसा घरी थांबायला माणूस मिळेना. आम्ही दोघं नोकरीला. काय करणार होतो?"

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या जागी मी काय केलं असतं याचं उत्तरही सापडेना. शहरात किती फ्लॅटना दिवसभर बाहेरून कुलूप असतं, आणि त्यांतले किती आतून रिकामे नसतात, हा विचार मी त्याआधी कधी केलाच नव्हता.

तेवढ्यात रूथ म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी मी कुलूप लावलं नव्हतं."

सकाळी सगळ्यांत शेवटी घराबाहेर पडायची ती. चावी तिच्याकडे असायची. अण्णा रोज दाराशी येऊन म्हणायचे, आज राहू दे की, बाळ. त्या दिवशी त्यांनी शब्द दिला, जरा पाय मोकळे करून येतो, तू यायच्या आत घरात असेन. तिने दार नुसतं ओढून घेतलं. शाळेतून आली तेव्हा घर रिकामं होतं. कुलूप नीट बसलं नसेल, एवढंच तिने घरी सांगितलं होतं.

"मला वाटलं ते मेले," रूथ म्हणाली. "मला वाटलं मी मारलं."

सोळा वर्षांची मुलगी. ही गोष्ट पोटात घेऊन ती माझ्यासमोर बसून त्यांच्या खांद्याची रेघ काढत होती, आणि मी तिला 'यंत्र वाटतंय' म्हणत होते. मी तिचा हात धरला. सॅम्युएल तिच्याजवळ आले. रागावतील असं मला वाटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

अण्णांना मात्र या बोलण्यात रस नव्हता. ते मुलाला म्हणाले, "मी काही लगेच येत नाही. तुझ्या आईला सांग, डबा पाठवू नको, इथं जेवतो."

रूथची आजी जाऊन वर्ष होत आलं होतं. इतका वेळ खडखडीत बोलणारा माणूस हे वाक्य त्याच आवाजात बोलला होता. मघाशी मनातल्या मनात मी अण्णांच्या बाजूने निकाल देऊन टाकला होता. तो माझा मलाच परत घ्यावा लागला.

गाडीत बसायला ते तयार नव्हते. सॅम्युएलनी समजावलं, टपरीवाल्या बाईने समजावलं. शेवटी रूथ त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "अण्णा, मी येते तुमच्याबरोबर. मला दाखवा कसं चालायचं." ते खूश झाले. दोघं पायवाटेने निघाले, ते पुढे, ती मागे, पावलावर पाऊल टाकत. वाट जिथे रस्त्याला मिळते तिथे सॅम्युएलनी गाडी आणून उभी केली. तिथवर येईपर्यंत अण्णा दमले होते. दार उघडं दिसलं तसे आत बसले आणि त्यांना झोप लागली.

पुढे गायकवाडांनी तो फ्लॅट सोडला. जुन्या फरीदाबादमध्ये तळमजल्यावर घर घेतलं. रूथच्या आईने रात्रीची ड्यूटी मागून घेतली, म्हणजे दिवसा घरात कुणीतरी असावं. ती कधी झोपत असे, देव जाणे. सॅम्युएल पहाटे ऑफिसच्या आधी वडिलांना फिरवून आणायचे. अण्णा हळूहळू माणसं विसरत गेले. रूथचं नाव त्यांनी बरंच उशिरापर्यंत धरून ठेवलं होतं.

शाळेत माझं फार कौतुक झालं. प्रार्थनेनंतर तो तुकडा मोठ्या पडद्यावर दाखवला, टाळ्या पडल्या. कुलपाची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आज लिहिते आहे ती रूथला विचारून आणि सगळी नावं बदलून.

पण खरा हादरा नंतर बसला. रूथ बारावीत असताना एक गृहस्थ रिसेप्शनवर आले. व्यवस्थित कपडे, हातात मोबाइल, अतिशय नम्र. कुठल्यातरी ग्रुपवर त्यांनी अण्णांचा तुकडा पाहिला होता. शिपायाने त्यांना लॅबमध्ये आणलं. "मैडम, मेरी वाइफ घर से गुम है. शादी का वीडियो है मेरे पास, उसमें चलती हुई साफ दिखती है. आप बच्चों से उसकी चाल बनवा दीजिए. मुँह ढक ले, बाल कटवा ले, चाल थोड़े ही बदलेगी."

वर्ग सरसावून बसला. पुण्याचं काम होतं ना. लक्ष्यने तर फाइल उघडली. मीही मोबाइल हातात घेतला. व्हिडिओत लाल लेहेंग्यातली एक मुलगी हार घेऊन चालत येत होती, मान खाली, पाऊल अडखळतं. "चाल थोड़े ही बदलेगी" हे माझंच वाक्य होतं, मी वर्गात दरवर्षी म्हणते ते. त्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना.

रूथ जागेवरून उठली. हिंदीत, अगदी शांतपणे तिने विचारलं, "अंकल, वो गई क्यों?"

"क्या मतलब?"

"जाने से पहले घर में क्या हुआ था?"

त्या माणसाचा चेहरा पाहता पाहता बदलला. नम्रपणा एखादं झाकण उचलावं तसा निघून गेला. "तू कौन होती है पूछने वाली?" तो तिच्या बाकाकडे दोन पावलं गेला. लक्ष्य उठून मध्ये उभा राहिला. मी मोबाइल त्या माणसाच्या हातात दिला आणि म्हटलं, "उनके मायके वालों को साथ लेकर आइए. फिर बनाएँगे."

तो दार आपटून गेला. पुन्हा आला नाही, आणि तिच्या माहेरचंही कुणी आलं नाही. मी प्रिन्सिपलना सांगितलं, त्यांनी पोलिसांना कळवलं. त्यातून काय निघालं ते आम्हाला कधी समजलं नाही.

त्या दिवशी पुढचा तास मी घेतला नाही. आपण शिकवतो त्याने माणूस सापडतो याचा मला अभिमान होता. हेच काम आणखी थोडं पुढे गेलं असतं तर आम्ही कुणाला कुणाच्या हवाली केलं असतं, हे आता मला दिसत होतं.

ती मुलगी कुठे आहे मला माहीत नाही. कदाचित तिच्यावर खरोखर काही संकट आलं असेल आणि आमच्या एका चित्राने ती वाचलीही असती. मी हे स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं आहे. तरी बाजारात, मेट्रोत, मान खाली घालून किंचित अडखळत चालणारी एखादी बाई दिसली, की मी चटकन दुसरीकडे बघते.